आमच्या पोरांना उणे आकडा द्या

फुटबॉलच्या कॉम्प्युटर-खेळासाठी खऱ्या खेळाडूंना आकडे देणाऱ्या प्रिय आकडेवाल्यांनो,

आमच्या गल्लीतल्या एका पोराची जिद्द आठ आहे. वीसपैकी आठ. फिनिशिंग सात, वर्क रेट नऊ. हे तुमच्यापैकी कुणीतरी ठरवलं, कुठल्यातरी मैदानाच्या कडेला उभं राहून किंवा घरी व्हिडिओ बघून, आणि तक्त्यात भरून टाकलं. पोरगा बाहेरगावच्या एका क्लबाच्या राखीव संघात होता. दिवाळीला घरी आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर सहज त्याचं नाव शोधलं, तर निघालं. (कुठल्या कंपनीचा खेळ, कुठल्या सालचा, ते लिहीत नाही, पोराची ओळख पटायला नको.) आधी तो हरखला. नाव, जन्मतारीख, उंची, सगळं बरोबर. मग बोट पडद्यावर ठेवून खाली खाली वाचत गेला आणि म्हणाला, "काका, माझी जिद्द आठ कुणी काढली ओ?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमचं काम ज्यांना ठाऊक नाही असेही लोक हे वाचतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. फुटबॉल मॅनेजमेंटच्या खेळात चेंडू मारायचा नसतो. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, डावपेच आखायचे, खेळाडू घ्यायचे-विकायचे, पत्रकारांना तीच तीच उत्तरं द्यायची, आणि सामना सुरू झाला की हात चोळत बसायचं. यातला सगळ्यांत मोठा खेळ 'फुटबॉल मॅनेजर'. इंग्लंडमधल्या कॉलियर बंधूंनी १९९२ मध्ये 'चॅम्पियनशिप मॅनेजर' काढला, त्याचाच हा पुढचा अवतार. मधे प्रकाशकाशी फारकत झाली. वाटणीत जुनं नाव प्रकाशकाला गेलं; खेळाचा गाभा आणि खेळाडूंची माहिती बंधूंच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हकडं राहिली, आणि २००४ पासून तो 'फुटबॉल मॅनेजर' या नावानं सेगा या कंपनीतर्फे येऊ लागला. नाव एकाकडं, आकडे दुसऱ्याकडं. लोक आकड्यांच्या मागं गेले.

आणि ते आकडे तुम्ही देता. जगभर पसरलेली तुम्ही हजाराच्या वर माणसं, बहुतेक हौशी, आपापल्या गावचा क्लब वर्षानुवर्षं बघणारी. खेळाडूचा वेग, पासिंग, हेडिंग, धाडस, सगळं १ ते २० मध्ये. वर दोन मोठे आकडे २०० पैकी: आज तो किती आहे, आणि जास्तीत जास्त किती होऊ शकेल. शिवाय पडद्यावर न दिसणारे गुण वेगळेच: सातत्य किती, मोठ्या सामन्यात पाय लटपटतात का, दुखापतीला कितपत बळी पडतो. आमच्याकडं मुलगी बघायला गेल्यावर आत्याबाई ज्या चौकश्या परतताना रिक्षात करतात, त्या तुम्ही आधीच उरकून ठेवलेल्या असतात.

१९८२ मध्ये केविन टॉम्स यांनी 'फुटबॉल मॅनेजर' याच नावाचा पहिलावहिला खेळ केला, त्यांच्या कंपनीचं नाव होतं ॲडिक्टिव्ह गेम्स. म्हणजे व्यसनी खेळ. एवढा प्रामाणिक दुकानदार मी दुसरा बघितला नाही. आम्ही कोल्हापूरवाले मात्र व्यसन हा शब्द दारू-तंबाखूला ठेवतो. याला आम्ही नाद म्हणतो. बैलगाडीच्या शर्यतीचा नाद असतो, कबुतरांचा असतो, फुटबॉलचा तर घराघरात असतो. नाद लागलेल्या माणसाला घरचे बोलतात, पण त्याच्या ताटात भाकरी गरमच वाढतात.

मला हा नाद २००२ मध्ये हॉस्टेलवर लागला. चौघांत एक कॉम्प्युटर, आणि त्यावर 'चॅम्पियनशिप मॅनेजर ०१/०२'. सीडी अर्थातच कॉपी केलेली. (२००८ च्या अखेरीस प्रकाशकानं तो खेळ फुकट केला, तेव्हा ते पाप फिटलं असं मी धरून चाललोय.) त्यात मैदान नव्हतं, खेळाडूंची चित्रं नव्हती. सामना म्हणजे लुकलुकणारी एक ओळ. "चेंडू डावीकडं… क्रॉस…" आणि मग ती ओळ थांबायची. त्या अर्ध्या सेकंदात चार पोरं श्वास धरून उभी असायची. मेसची वेळ टळून जायची. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही बेलारूसमधून एक पोरगा विकत घ्यायला धडपडत होतो, ज्याचं आडनाव आमच्यापैकी कुणालाही नीट म्हणता येत नव्हतं.

आता कळतं की ते रिकामं मैदानच आम्हाला धरून ठेवत होतं. चेंडू कसा गेला ते आम्ही ठरवायचो. मध्यरक्षकाचा चेहरा आमच्यातल्या एकाच्या मामासारखा होता, असं ठाम ठरलेलं होतं. तुम्ही द्यायचात ते फक्त आकडे, आणि आकड्यांच्या मधली जागा आमची.

दुसरी गोष्ट, या खेळात कुठलाच दिवस पुरा होत नाही. खेळाडू बघायला पाठवलेल्या माणसाचा अहवाल परवा येणार. बोली लावलीय, उत्तर दोन दिवसांनी. बचावपटूचा गुडघा आठवड्यात बरा होणार. शनिवारचा सामना तर आहेच. तहसील कचेरीत "उद्या या" म्हणतात तसं, फक्त इथं उद्या एका बटणावर येतो. बटण दाबलं की एक काम मिटतं आणि दोन उभी राहतात. रात्री अकराला "एवढा एक सामना" म्हणून बसलेला माणूस अडीचला उठतो तेव्हा त्याचा नोव्हेंबर संपून फेब्रुवारी लागलेला असतो. जुन्या आवृत्त्यांत तर किती तास घालवलेत ते बघून व्यसनाची पायरी सांगणारी एक चेष्टेखोर ओळही असायची. आम्ही ती प्रगतिपुस्तकासारखी एकमेकांना दाखवत फिरायचो.

आणि वैताग? त्याला तर सीमाच नाही. बाविसावा सामना, समोर तळाचा संघ, आपले फटके एकतीस, त्यांचा एक. निकाल ०-१. त्यांच्या गोलकीपरनं आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचा असा खेळ केलेला. जगभरचे खेळणारे या प्रकाराला "एफएम झालं" म्हणतात (एफएम म्हणजे फुटबॉल मॅनेजर), आणि ज्याचं झालं त्याच्याशी त्या रात्री कुणी बोलू नये. मी कबूल करतो: सामना हरतोय दिसलं की ऑल्ट आणि एफ-चार दाबून खेळ बंद पाडायचा, आणि जुन्या ठिकाणाहून परत सुरू करायचा, हे मी केलंय. एकदा एका फायनलसाठी सात वेळा केलं. सातव्यांदा जिंकलो, आणि कप हातात आल्यावर इतकं ओशाळं वाटलं की तो डावच पुसून टाकला.

आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ऑल्ट-एफ-चार नसतं. तिथं पेनल्टी बारला लागली की लागली. पुढची वीस वर्षं ती पेनल्टी त्या माणसाच्या मागं मिसळीच्या दुकानापर्यंत येते.

इथं आमच्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण तुमच्या तक्त्यात ते नाही. तुमच्याकडं भारताची इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल आहे, आय-लीग आहे, मुंबई सिटी आहे, एफसी गोवा आहे. कोल्हापूरची लीग नाही. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या आखाड्यातून फुटबॉल निघालेलं दुसरं गाव असलं तर मला कळवा. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ असा सामना असला की दुपारीच दुकानांची शटरं खाली यायला लागतात. नायजेरियन खेळाडूसुद्धा या पेठांकडून खेळून गेलेत, आणि पोरासोरांनी त्यांना कोल्हापुरी शिव्या शिकवल्यात. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्या भारतीय संघात अनिकेत जाधव होता, तो इथलाच. त्या स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगनं हेडरनं गोल केला, फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला, तेव्हा आमच्या चौकात जे झालं ते मी तुमच्या एकाही तक्त्यात बसवू शकत नाही.

तर या मैदानावर मी लहानपणापासून बसतो. पण तुमच्या नादाला लागल्यावर माझे डोळे बिघडले. समोर पोरगं पळतंय आणि मी मनात लिहितोय: ऑफ द बॉल (चेंडूविना हालचाल) चौदा, डावा पाय सहा, धाडस सतरा. एकदा शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मामांना मी म्हणालो, "त्या सात नंबरचं पोझिशनिंग चांगलंय." मामा शेंगा सोलत म्हणाले, "व्हय. बा वारल्यापासनं पोरगं कुटं उभारायचं ते शिकलंय."

त्या वाक्याला वीसपैकी किती द्यायचे, सांगा.

तुम्हाला तुमच्या आकड्यांचं वजन माहीत नाही, असं मी म्हणणार नाही. एव्हर्टननं २००८ मध्ये तुमची ही सगळी माहिती वापरण्यासाठी करार केला होता. खरा क्लब, खरे पैसे. आणि उलट्या बाजूची गोष्ट तुमच्या जुन्या मंडळींना पाठच असेल. हॉस्टेलवर आम्ही ज्याच्यासाठी जागलो तो बेलारूसचा पोरगा म्हणजे मॅक्सिम त्सिगाल्को. दिनामो मिन्स्कचा. आमच्या कॉम्प्युटरवर तो एका हंगामात पन्नास-साठ गोल सहज मारायचा, जगातला सगळ्यांत मोठा खेळाडू व्हायचा. खऱ्या आयुष्यात दुखापतींनी त्याला तिशीच्या आत मैदानाबाहेर काढलं, आणि डिसेंबर २०२० मध्ये सदतिसाव्या वर्षी तो गेला. बातमी मी ऑफिसात वाचली. हॉस्टेलच्या चौघांतल्या एकाचा दुबईहून फोन आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. ज्याला कधी बघितलं नाही, ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याच्यासाठी सुतक पाळावं असं वाटत होतं. कुठंतरी बसून कुणीतरी एका अठरा वर्षांच्या पोराला भरभरून आकडे दिले होते, एवढाच आमचा त्याचा संबंध.

डर्बीचा टोंटन झोला मोकोको, मिलवॉलचा चेर्नो सांबा, हे त्याचेच भाऊबंद. कॉम्प्युटरवर राजे. मोकोकोला डर्बीच्या मुख्य संघाकडून एकही सामना मिळाला नाही. आणि टो मडेरा तर जन्मालाच आलेला नव्हता! पोर्तुगालमधल्या तुमच्याच एका माणसानं स्वतःला खेळाडू करून तक्त्यात घुसवलं, आणि जगभरच्या पोरांनी त्याला विकत घेतलं. मला त्या माणसाचा राग कधीच आला नाही. उलट वाटतं, तुमच्यापैकी प्रत्येकाला एकदा तरी हा मोह झाला असणार.

मुद्दा असा की या खेळाचा जीव तुमच्या हातात आहे. कंपनीला वाटतं जीव चित्रांत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत 'फुटबॉल मॅनेजर २५' रद्द झाल्याचं जाहीर झालं. खेळ ज्यावर चालतो ते नवं इंजिन जमलं नाही. आम्ही काय केलं? जुना २४ उघडला, त्यात हौशी लोकांनी तयार केलेले ताजे आकडे भरले, आणि खेळत राहिलो. मग नोव्हेंबरात २६ आला. नव्या इंजिनावर, नव्या मांडणीसह. स्वयंपाकघरातले डबे कुणी रात्रीत हलवून ठेवावेत तसं अनेकांना झालं आणि खेळ विकणाऱ्या स्टीम या संकेतस्थळावर शिव्यांचा पाऊस पडला. त्यात एक काम मात्र उत्तम झालं: पहिल्यांदाच महिला फुटबॉल आलं. माझी लेक बारा वर्षांची आहे. इतकी वर्षं माझ्या खुर्चीमागून जाताना ती पडद्याकडं बघतसुद्धा नव्हती. आता उभी राहते. "हिचा वेग किती?" विचारते. त्या हजारो मुलींचे आकडे तुम्ही कोऱ्या पाटीवरून भरलेत, त्यासाठी मनापासून धन्यवाद.

आता मागणं.

त्या पोराचा आकडा मी नंतर एडिटरमध्ये, म्हणजे तुमचे आकडे बघायच्या-बदलायच्या साधनात, उघडून बघितला. तो घरी गेल्यावर, त्याच्या नकळत. जास्तीत जास्त किती होऊ शकेल या रकान्यात २०० पैकी ७२ लिहिलेलं होतं. सरळ, कायमचं ७२. जगात कुणीही कधीही नवा डाव सुरू केला, त्याला कितीही चांगला प्रशिक्षक दिला, कितीही सामने खेळवलं, तरी तो ७२ च्या वर जाणार नाही. त्याच वयाच्या युरोपातल्या पोरांचे रकाने मी बघत गेलो. तिथं किती जणांना उणे आकडा! उणे नऊ, उणे दहा.

वाचकांसाठी सांगतो, ही फार सुंदर सोय आहे. पोरगं लहान असलं, पुढं काय होईल ते कुणालाच सांगता येत नसलं, की ठाम आकड्याऐवजी उणे आकडा देता येतो. उणे दहा म्हणजे १७० ते २०० च्या मधे कुठंही; उणे नऊ म्हणजे १५० ते १८०. दरवेळी नवा डाव मांडला की खेळ नव्यानं चिठ्ठी काढतो. एका डावात तोच पोरगा जग जिंकतो, दुसऱ्या डावात बरा खेळाडू होऊन राहतो. आमच्या भाषेत उणं म्हणजे कमी, उणं काढणं म्हणजे खोट काढणं. तुमच्या तक्त्यात मात्र तेवढ्या एकाच रकान्यात उणं म्हणजे, अजून ठरलेलं नाही.

मी हिशेब समजून आहे. भारतातल्या पोराला उणे दहा द्या असं मी म्हणत नाही. तेवढा खुळा मी नाही. आपला दर्जा कुठं आहे ते आयएसएलचा एक सामना पूर्ण बघणाऱ्याला कळतं. उणे पाच द्या, उणे सहा द्या, तुमच्या नजरेला पटेल तो द्या. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराला, ज्याला तुम्ही फार तर तीन सामन्यांत बघितलंय, त्यातल्या एकात तो चुकीच्या जागी खेळत होता आणि एकात ऐंशीव्या मिनिटाला आत आला, त्याला ठाम आकडा देऊ नका. आणि जिद्दीचं ठाऊक नसेल तर रकाना शून्य ठेवा. शून्य ठेवलं की खेळ आपल्या मनानं काहीतरी भरतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते चुकलं तर निदान माणसानं केलेली चूक नसेल.

भारतात तुमची माणसं कमी आहेत, मैदानं शेकड्यांनी आहेत, हे मला कळतं. एकटा माणूस किती ठिकाणी उभा राहणार? म्हणूनच म्हणतो, जिथं नजर पोचली नाही तिथं उणं लिहा. तेवढं एक चिन्ह टाकायला काही लागत नाही.

तुमच्यापैकी कुणाला यायचं झालं तर हिवाळ्यात या, शाहू स्टेडियमवर हंगाम असतो. पोरगा आता परत आलाय, एका पेठेकडून खेळतो. कुठल्या ते सांगत नाही, तुम्हीच ओळखा. उन्हाच्या बाजूला बसू नका. शेंगा माझ्याकडून. वही आणलीत तरी पहिला हाफ ती खिशात राहू दे, आणि शेजारी कुणी मामा बसलेले असतील तर त्यांचं ऐका.

तुमचा,
एक बिनपगारी मॅनेजर
कोल्हापूर

ता. क. : मी आगाऊपणा केलाय. एडिटरमध्ये त्या पोराचा ७२ खोडून उणे सहा लिहिलं, जिद्द शून्य केली आणि नवा डाव मांडला. खेळानं जिद्द अकरा काढली. तिसऱ्या हंगामात तो माझ्या संघात आला, नऊ गोल केले, आणि मार्चमध्ये गुडघा गेला तो गेलाच. बंद करून परत सुरू करायचा मोह झाला, केलं नाही. आज जेवण झालं की दुसरा डाव मांडतोय.